डोंगरावरचं घर आणि थंडीतला आठवडा: या चुका टाळा

नाताळची सुट्टी लागली की नाशिकहून त्र्यंबक, हरसूल, इगतपुरीकडे निघालेल्या गाड्यांच्या डिकीत ड्रिल मशीन, रंगाचे डबे आणि सिलिकॉनच्या नळ्या दिसायला लागतात. डोंगराच्या कुशीतलं दोन-तीन खोल्यांचं घर, चार महिने पावसाचा मार खाल्लेलं, आणि हाताशी जेमतेम आठवडा. यादी लांबलचक असते. आठवडा सरतो तेव्हा हॉलला रंग लागलेला असतो आणि बाकी सगळं अर्धवट. बहुतेक वेळा माणसं आळशी नसतात, कामांचा क्रम चुकलेला असतो. ज्या कामाला वाळायला किंवा मुरायला वेळ लागतो ते पहिल्या दिवशी काढायचं आणि जे नुसतं दिसायला छान ते शेवटी. आपण बरोब्बर उलटं करतो.

बर्फाच्या मुलखातले व्हिडिओ बघून यादी करणं

नळ गोठू नयेत म्हणून पाइपांना फोम गुंडाळणारी मंडळी इथेही भेटतात. हौसेला मोल नसतं, पण त्याची गरज नाही. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरला की पेपरात बातमी येते, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापला जातो, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. पण निफाड पडलं सखल भागात. रात्री गार, जड हवा उतारावरून खाली वाहते आणि सपाटीवर साचते. उतारावरचं घर त्यामानाने बरंच सुखात असतं.

या घरांचा खरा शत्रू पाऊस. नाशिक शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो, तर इगतपुरीत 3000 च्या आसपास. त्यामुळे डिसेंबरातली प्रत्येक दुरुस्ती जुलै डोळ्यांसमोर ठेवून करायची. पाइपांच्या फोमचे पैसे पन्हळीवर खर्च करा.

सिमेंटचं काम निघायच्या आदल्या दिवशी

ओट्याला गेलेली चीर, टाकीचा गळका कोपरा, पायरीचा तुटलेला कठडा ही कामं "शेवटी उरकून टाकू" म्हणून मागे पडतात. मग शनिवारी संध्याकाळी गिलावा होतो आणि रविवारी सकाळी घराला कुलूप. सिमेंटला पाणी कोण मारणार? साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओलं ठेवावं लागतं. दुकानात हल्ली बहुतेक पोती पीपीसीची, म्हणजे राखेसारखी भुकटी मिसळलेल्या सिमेंटची असतात, त्याला 10 दिवस. थंडीत सिमेंट सावकाश पकडतं, म्हणजे घाई तर मुळीच नको. पाणी न मिळालेला गिलावा वरून ठणठणीत दिसतो, पण नखाने खरवडला की भुकटी सुटते, आणि पहिल्या पावसात केसाएवढ्या चिरांतून पाणी आत शिरतं.

म्हणून पोहोचलात त्याच दिवशी सिमेंट कालवा. वर ओलं गोणपाट टाका, रोज दोनदा भिजवा. उरलेल्या दिवसांचं पाणी मारायला शेजारच्या पाड्यावरच्या एखाद्या मुलाला सांगा आणि त्याचे पैसे आधीच हातावर ठेवा.

गवंडी, मजूर ऐनवेळी मिळतील हे गृहीत धरू नका. भात कापणी, झोडणी उरकली की पेठ, सुरगाणा, हरसूलकडची बरीच माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. दिवाळीतच शब्द घेऊन ठेवलेला बरा. आणि पौष वद्य एकादशीच्या आसपास वाळूची गाडी त्र्यंबकवरून मागवू नका. निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्यांनी रस्ता भरलेला असतो, ड्रायव्हर वैतागतो आणि त्याचं भाडं तुमच्या बिलात येतं.

ओल्या भिंतीला रंग

आधी ओल कुठून येते ते बघा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत सरळ पट्टा दिसत असेल तर पाणी पायातून वर चढतंय. वरून खाली ओघळ असतील तर छप्पर. भिंतीच्या मधोमध एकच डाग असेल तर आतला पाइप किंवा बाहेरची चीर. तिन्हींना औषध वेगळं, पण आपण तिन्हींवर एकच डबा रिकामा करतो.

भिंत वाळली की नाही हे हाताला कळत नाही. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवा. काढताना आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब दिसले किंवा खालचा गिलावा गडद झाला असेल, तर रंगाचा डबा उघडू नका. पावसाने भिजलेली जाड दगडी भिंत कधीकधी जानेवारी उलटला तरी पूर्ण सुकत नाही. या वर्षी रंग नाही झाला तर काही बिघडत नाही.

डोंगराकडची भिंत सगळ्यात वाईट असते, कारण वरून वाहून आलेली माती तिला टेकून बसलेली असते. आतून कितीही भारी वॉटरप्रूफ रंग लावा, दोन वर्षांत फुगे येऊन पापुद्रे सुटतातच. ती माती ओढून काढा, भिंतीपासून थोडं लांब चर खणा आणि पाणी घराच्या बाजूने खाली काढून द्या. या कामाला फावडं आणि घाम लागतो, त्याचा फोटोही चांगला येत नाही. पण आठवड्यातलं एकच काम करायचं असेल तर मी हेच करीन. मागच्या दगडी पिचिंगला, म्हणजे उताराची माती धरायला रचलेल्या दगडांना, पाणी निघायची भोकं असतील तर तीही सळईने मोकळी करा.

घर जुनं, मातीच्या किंवा कुडाच्या भिंतींचं असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नका. माती श्वास घेते, सिमेंट तिचं तोंड बंद करतं, ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. शेणमातीचं सारवण आणि चुना हेच तिथे बरं.

सकाळी सातला छपरावर

लवकर सुरुवात करावी हे खरं, पण छपराची नाही. कौलं आणि पत्रे दवाने निसरडे झालेले असतात. ऊन चढून दव सुकायला साडेनऊ-दहा वाजतात. त्र्यंबकच्या पश्चिमेला ब्रह्मगिरी उभा आहे, त्यामुळे संध्याकाळी सूर्यास्ताच्या बरंच आधी ऊन कड्याआड जातं. म्हणजे छपराचा दिवस दहा ते चार.

वर चढायच्या आधी भर दुपारी आतले दिवे बंद करून वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा. थेंब जिथे पडतो बरोब्बर त्याच्या वरच भोक असतं असं नाही. पाणी वाशावरून ओघळत खाली येतं, म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेने शोधत जा. मंगळुरी कौलाच्या पोटाला एक लहानसं नाक असतं, ते रिपेवर अडकतं. वानरांच्या उड्यांनी ते नाक तुटतं. कौल वरून धडधाकट दिसतं, पण इंच-दोन इंच घसरलेलं असतं. ते हाताने परत वर ढकलून काम होत नाही, दोन वाऱ्यांत पुन्हा घसरतं. कौल बदलायलाच हवं. जुनी, धड कौलं दहा-वीस तरी घरामागे रचून ठेवा, मापाची पुन्हा मिळतीलच असं नाही.

पत्र्याचं छप्पर असेल तर गळती बहुधा बोल्टाशी असते. वरचा रबरी वायसर उन्हाने तडकलेला असतो. त्यावर सिलिकॉन थापण्याऐवजी वायसर बदला. आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय कधीच देऊ नका. आठ-दहा वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला पत्रा माणसासकट खाली येतो. दोन वाशांवर टेकेल अशी जाड फळी टाकूनच वर जा. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ते कोरडे कापू किंवा फोडू नका, ती धूळ फुफ्फुसात जाते.

दार लावून शेगडी

ही चूक जीव घेते. रात्री गारठा वाढला की कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे खोलीत आणून दार-खिडक्या लावल्या जातात. निखारा फुललेला असतो, धूर नसतो, म्हणून बिनधास्त वाटतं. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त जोराने चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, सुस्ती ही लक्षणं प्रवासाच्या थकव्यासारखीच वाटतात, आणि माणूस झोपी जातो. खोलीत बादलीभर पाणी ठेवून हा वायू शोषला जात नाही.

बंद बाथरूममधला गॅस गिझर आणि आत आणून पेटवलेला बंब यांतही धोका तोच. बंबाची जागा पडवीत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा. सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर चहा ठेवत बसू नका. सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि 108 ला फोन करायचा.

विजेचा हीटर वापरणार असाल तर 2000 वॅटचा हीटर नऊएक अँपिअर ओढतो. मोबाइल चार्जिंगच्या एक्स्टेन्शन बोर्डाला तो लावला की प्लग वितळतो. त्याला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा.

मोटर फिरते, पाणी येत नाही

लगेच मोटर उघडू नका. सक्शनच्या पाइपात पाणी ओता. ओतलेलं पाणी खाली खाली जात राहिलं तर फूट व्हॉल्व, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, गळतोय. बरेचदा व्हॉल्वच्या झडपेत एखादं पान किंवा खडा अडकलेला असतो, वर काढून धुतला की काम होतं. पाणी टिकतंय पण तरी ओढत नाही, तर पाइपाच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरत असेल. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरतच नाही, तर कपॅसिटर किंवा कमी व्होल्टेज. लगेच बंद करा, नाहीतर आतल्या तारेची गुंडाळी (वाइंडिंग) जळेल.

आता चालतेय म्हणून निश्चिंतही होऊ नका. वर बसवलेली मोटर व्यवहारात सहा-सात मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही, मग ती कितीही हॉर्सपॉवरची असो. पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब, आणि उंचावर तोही थोडा कमी. दोरीला दगड बांधून विहिरीतल्या पाण्याची पातळी आताच मोजा. जानेवारीत पाच मीटरवर असेल तर मार्चमध्ये मोटर कोरडी फिरणार. तिला खालच्या टप्प्यावर बसवायची सोय आत्ताच करा.

लाकूड आणि गवत

सरपणाचा ढीग भिंतीला टेकवून रचू नका. वाळवी ढिगातून थेट चौकटीत शिरते. विटांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. ढिगात हातमोज्यांशिवाय हात घालू नका. विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तेव्हापासून यावर चांगलं औषध आहे.

छपरावर झुकलेलं आंब्याचं, जांभळाचं किंवा ऐनाचं झाड स्वतःच्या जागेत असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, 1964 चा वृक्षतोडीचा कायदा त्याला लागू आहे. फांदी उतरवायची असली तरी आधी वनखात्याकडे विचारा.

घराभोवतीचं वाळलेलं गवत मात्र कापाच, निदान दहा-पंधरा फुटांचा पट्टा. वणवे फेब्रुवारीपासून लागतात. पट्टा जाळून काढायचा मोह टाळा. दुपारी डोंगरावर वारा फिरतो आणि मग आग तुमच्या कह्यात राहत नाही. आणि उतारावरचं गवत मुळासकट उपटू नका, माती त्यानेच धरलेली असते. विळ्याने कापायचं.

निघताना इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर भरून मगच मेन स्विच पाडा. उतरलेली बॅटरी तीन-चार महिने तशीच पडली की पुन्हा धड चार्ज धरत नाही. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा. टाकीचं झाकण तारेने बांधा, वानरं ते उघडतात.