मेफ्लॉवरपर्यंत वंशावळ नेताय? या चुका टाळा

माझ्या सुनेचं माहेर मॅसॅच्युसेट्समधलं. तिच्या आजींच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या फ्रेममध्ये एक वंशवृक्ष टांगलेला आहे. बुंध्याशी १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला निघालेल्यांच्या मेफ्लॉवर जहाजातून आलेला मूळपुरुष, शेंड्याला आजी. नातीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी त्यातली नावं नुसती उतरवून घ्यायची होती. मी निवृत्त माणूस, कुलवृत्तांत चाळायची जुनी खोड. म्हटलं, जरा दाखलेही बघू. त्याला आता तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत ज्या चुका मी केल्या आणि ज्या त्या फ्रेममध्ये सापडल्या, त्या इथे मांडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून खाली येणं. प्रसिद्ध प्रवासी धरायचा आणि त्याची फांदी आपल्या अंगणापर्यंत ओढत आणायची. सुरुवात स्वतःपासून करा. प्रत्येक पिढीत हा याचा मुलगा किंवा ही याची मुलगी असं सांगणारा कागद हातात आल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. दोन माणसांचं नाव जुळणं आणि दोन माणसांतलं नातं सिद्ध होणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आडनावाने तर भलेभले फसतात. मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते. पहिल्या हिवाळ्यातच त्यातले जवळजवळ निम्मे गेले, आणि उरलेल्यांतही सगळ्यांचा वंश चालला नाही. जॉन हॉवलंडचा चालला. हा तरुण वादळात समुद्रात पडला, शिडाचा लोंबता दोर हाताला लागला म्हणून वाचला, आणि पुढे त्याला दहा मुलं झाली. पण त्याचे भाऊ आर्थर आणि हेन्री नंतर वेगळे आले, त्यांचाही वंश तिथेच वाढला. त्यामुळे आज हॉवलंड आडनावाचा माणूस मेफ्लॉवरवाल्याच्या भावाचा वंशज असू शकतो. उलट बाजूने, खऱ्या वंशजांपैकी बहुतेकांचं आडनाव हॉवलंड नाहीच, कारण मध्ये कुठेतरी धागा मुलीकडून पुढे गेलेला असतो. आपल्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी सासरी गेली की फांदी संपते. ती सवय इथे सोडावी लागते.

याच हॉवलंडच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या समजूत होती की त्याची बायको एलिझाबेथ ही त्या वसाहतीच्या पहिल्या गव्हर्नरच्या, कार्व्हरच्या, घरची लेक. समजुतीला आधारही होता: हॉवलंड कार्व्हरच्या पदरी नोकर होता. एकोणिसाव्या शतकात बसवलेल्या त्याच्या थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं गेलं. मग १८५५ मध्ये कार्व्हरनंतरच्या गव्हर्नर ब्रॅडफर्डचं हरवलेलं हस्तलिखित लंडनच्या फुलहॅम राजवाड्याच्या ग्रंथालयात सापडलं. त्यात प्रवाशांची यादी आणि पुढे कोणाचं काय झालं याचा हिशेब होता. एलिझाबेथ निघाली जॉन टिलीची मुलगी. आईबाप पहिल्याच हिवाळ्यात वारलेले, पोर जेमतेम तेरा वर्षांची. तेव्हा दगडावर कोरलंय म्हणून मान डोलावण्याआधी दगड कधी बसवला ते विचारा. छापील घराणे-ग्रंथांचंही तेच. गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थांनी श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी करून विकल्या, आणि त्यांचे तुकडे आजही लोकांच्या ऑनलाइन वंशवृक्षांत फिरतात. पन्नास वंशवृक्ष एकच गोष्ट सांगत असतील तर बहुधा एकाचं उरलेल्या एकोणपन्नासांनी उतरवलेलं असतं.

तारखांचा गोंधळ मला मात्र पटकन उमगला, आणि त्याचं श्रेय शिवजयंतीच्या वादाला. १७५२ पर्यंत इंग्लंड आणि तिच्या वसाहती जुन्या जुलियन कालगणनेने चालत आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. शिवरायांचा जन्म आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो. तीच तारीख त्या काळच्या इंग्रज कारकुनाने लिहिली असती तर वर्ष १६२९ पडलं असतं. त्यानंतर काही आठवड्यांतच जॉन विन्थ्रॉपचा वसाहतकऱ्यांचा जहाजांचा ताफा मॅसॅच्युसेट्सकडे निघाला, आणि तेवढ्यात त्या कारकुनाच्या वहीत वर्ष बदललं.

याचा फटका असा बसतो. नोंदीत लग्न मे १६५० आणि मूल फेब्रुवारी १६५०. वाचणारा म्हणतो, मूल लग्नाआधीचं, म्हणजे पहिली बायको वेगळी असणार, आणि वंशवृक्षात एक न जन्मलेली बाई येऊन बसते. खरं तर तो फेब्रुवारी त्या मे नंतरचा आहे. महिन्यांऐवजी आकडे असतील तर आणखी जपा: तेव्हाचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. अशी तारीख सॉफ्टवेअरमध्ये भरताना ‘१६५०/५१’ अशी दुहेरी लिहा आणि मूळ नोंद जशीच्या तशी शेजारी ठेवा.

आता फ्रेमकडे येतो. तिच्यात एक सॅम्युअल सीनियर आणि त्याच्याखाली मुलगा सॅम्युअल ज्युनियर. आपल्याला वाटतं, बाप-लेकच असणार. पण त्या काळी एका गावात एकाच नावाची दोन माणसं असली की थोरल्याला सीनियर आणि धाकट्याला ज्युनियर म्हणत. नातं असायलाच हवं असं नाही. थोरला वारला की धाकट्याचं ‘ज्युनियर’ गळून पडे. मी थोरल्याचं मृत्युपत्र मागवलं. मुलांची नावं ओळीने आहेत, त्यात सॅम्युअल नाही. शेवटाकडे ‘माझा कझिन सॅम्युअल’ याला दलदलीकडेचा गवताचा तुकडा दिलाय. आपण मामे, आते, चुलत, मावस अशी नाती वेगवेगळी बोलतो. त्यांचं ‘कझिन’ मात्र पुतण्या-भाच्यालाही चाले. तसंच ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे पुष्कळदा सावत्र आई. मृत्युपत्रात नाव नाही एवढ्यावरून मुलगा नव्हता असंही म्हणता येत नाही, कारण थोरल्या मुलाला जमीन आधीच देऊन टाकलेली असे. म्हणून खरेदीखतं पाहिली. त्यांत एका ठिकाणी धाकट्या सॅम्युअलने वडिलांकडून आलेलं शेत विकलंय, आणि वडिलांचं नाव आहे नथॅनियल.

समुद्र ओलांडून इंग्लंडला जाताना घाई करू नका. तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात, त्यामुळे हव्या त्या नावाचा बाप्तिस्मा हव्या त्या साली कुठेतरी सापडतोच. मलाही सापडला होता. दोन दिवस खूश होतो. मग त्याच वहीच्या दफनाच्या पानांवर तेच बाळ दिसलं, तीन वर्षांचं. बाप्तिस्मा सापडला की लग्न आणि दफन दोन्ही बघून घ्या.

खरी दरी १६२० च्या आसपास नसतेच, ती असते १७८० ते १८५० मध्ये. कुटुंबं पश्चिमेला न्यूयॉर्क, ओहायोकडे सरकली, आणि १७९० ते १८४० च्या खानेसुमारीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५० पासून. इथे अमेरिकेच्या क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शन फाइल्स कामी येतात. लग्नाचा पुरावा म्हणून विधवांनी घरच्या बायबलची जन्म-लग्नाच्या नोंदींची पानं फाडून जोडलेली असतात. आणि कागद त्या वेळी ते गाव ज्या हद्दीत होतं तिथे शोधा. मेन १८२० पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. सिंधुदुर्गातल्या माणसाला १९८१ च्या आधीचं दप्तर रत्नागिरीत बघावं लागतं, तसंच हे. व्हर्जिनियात हद्दीहून आगीचा प्रश्न मोठा: १८६५ मध्ये रिचमंड जळलं तेव्हा सुरक्षित राहावं म्हणून तिथे पाठवलेलं अनेक काउंट्यांचं दप्तर खाक झालं.

डीएनए चाचणीवर फार भिस्त ठेवू नका. मेफ्लॉवरपासून आजवर बारा-तेरा पिढ्या झाल्या. बाराव्या पिढीत पूर्वजांच्या जागा ४,०९६ होतात, आणि इतक्या मागच्या बऱ्याच पूर्वजांकडून आपल्यात डीएनएचा एकही तुकडा आलेला नसतो. आडनावाची ढालचिन्हं विकणाऱ्यांकडे तर वळूही नका. इंग्लंडमध्ये ते चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला नाही.

आमच्या नथॅनियलची बायको कागदात फक्त ‘मेरी’ आहे, माहेर कुठेच नाही. थोरल्या सॅम्युअलची बायको मेफ्लॉवरवाल्याची पणती होती, म्हणून फ्रेम तिकडून गेली होती. आता सगळं या मेरीवर अडलंय. नातीने तिच्या तक्त्यात तिथे रिकामा चौकोन काढलाय. आजींना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.