कमी देखभालीचे हिरवे मत्स्यालय: आधी वनस्पती, मग मासे

मत्स्यालय ठेवण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी मासे निवडतात, मग त्यांना पुरेल अशी टाकी शोधतात आणि शेवटी काचेमागे थोडी हिरवळ दिसावी म्हणून दोन-चार रोपे खोचतात. हा क्रम नेमका उलटा करावा, असे मी प्रत्येक नवख्याला अनुभवावरून सांगत आले आहे. आधी माती आणि पाणी, मग भरपूर वनस्पती, त्या रुजल्यावर गोगलगायी आणि सर्वांत शेवटी मोजके मासे, असा क्रम धरला तर पुढे वर्षानुवर्षे टाकीची निगा राखायला फारसा वेळ द्यावा लागत नाही. खरे कष्ट आणि खरा धीर पहिल्या दीड-दोन महिन्यांतच लागतो.

यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये. माशांच्या कल्ल्यांतून, तसेच विष्ठा आणि न खाल्लेले अन्न कुजून, पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो आणि तो माशांना विषारी असतो. निसर्गतः आढळणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तर दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत मासे सहन करतात. हे जिवाणू मुख्यतः पाण्यात तरंगत नसून वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि पानांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि एवढे थांबण्याची तयारी नसल्यामुळेच नव्या टाकीतले मासे पटापट दगावतात. जोमाने वाढणाऱ्या वनस्पती असल्या तर चित्र बदलते, कारण अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियमच्या (पाण्यातल्या अमोनियाच्याच निरुपद्रवी रूपाच्या) स्वरूपातला नायट्रोजन आधी शोषून घेतात. म्हणजे जिवाणूंच्या वाट्याला येणारे काम पाने आधीच उरकू लागतात. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला, त्यात मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती एवढेच ठेवले असता कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले होते. तळ्यातल्या गोगलगायी सोडल्यावर ते निवळले. आज दिवे आणि पंप आले असले, तरी कमी देखभालीच्या टाकीचा पाया याच तिघांच्या देवाणघेवाणीवर उभा आहे.

टाकी शक्य तेवढी मोठी घ्यावी. हे वाचून नवख्यांना आश्चर्य वाटते, पण लहान टाकीपेक्षा मोठी टाकी सांभाळणे सोपे असते, कारण जास्त पाण्यात तापमान आणि घाण यांचे चढउतार सावकाश होतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते आणि सुरुवातीला तेवढी पुरे होते. काच, माती आणि दगड धरून तिचे वजन सत्तर किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे भक्कम आणि अगदी सपाट आधार हवा. खिडकीतून थेट ऊन पडणारी जागा टाळावी. तिथे शेवाळ आटोक्यात ठेवणे फार जिकिरीचे होते.

तळाशी साध्या बागेतल्या मातीचा सुमारे अडीच सेंटिमीटर थर द्यावा आणि त्यावर तेवढाच जाड, धुतलेल्या जाड वाळूचा किंवा बारीक खडीचा थर पसरावा. मातीत शेणखत, ताजे कंपोस्ट किंवा रासायनिक खत मिसळलेले नसावे, नाहीतर पहिल्या काही दिवसांतच पाण्यात अमोनिया उसळतो. माती चाळून त्यातल्या काड्या आणि मुळे काढून टाकावीत. पाणी भरताना वाळूवर एक बशी ठेवून तिच्यावर हळूहळू धार सोडावी, म्हणजे वाळूचा थर फुटून माती वर येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत तळातून मधूनमधून बुडबुडे सुटतात. ते मातीतल्या कुजण्याच्या क्रियेमुळे तयार झालेल्या वायूचे असतात. एखादी बारीक काडी वाळूत अलगद खुपसून त्यांना वाट करून द्यावी आणि पुढे मुळे पसरली की हा प्रकार आपोआप कमी होतो. मातीची खटपट नको वाटत असेल तर निव्वळ बारीक खडी घालून मुळांजवळ खताच्या गोळ्या पुरता येतात. तीही पद्धत चालते, पण गोळ्या ठरावीक काळाने पुन्हा द्याव्या लागतात.

आता वनस्पतींकडे वळू, कारण पुढचे सगळे यश इथे ठरते. पहिल्याच दिवशी तळाचा निदान दोन-तृतीयांश भाग झाकला जाईल इतकी रोपे लावावीत. थोडी लावून बाकीची पुढे वाढतील असे म्हटले, तर मधल्या काळात मोकळ्या जागेचा आणि पाण्यातल्या अन्नद्रव्यांचा ताबा शेवाळ घेते. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावावी. ती वाळूखालून धावती खोडे सोडत नवी रोपे उभी करते आणि काही महिन्यांत मागची काच भरून टाकते. मधल्या भागात क्रिप्टोकोरिन वेंड्टीचे गुच्छ शोभतात. जलद वाढीसाठी हॉर्नवर्ट हवेच. त्याला खरी मुळेच नसतात, त्यामुळे ते तरंगत सोडले तरी वाढते, आणि नव्या टाकीतला अमोनिया शोषण्यात त्याचा हात धरणारी वनस्पती क्वचितच मिळेल. पृष्ठभागावर साल्व्हिनियासारखी तरंगती वनस्पती थोडी असावी. तिला हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट मिळत असल्याने ती झपाट्याने वाढते आणि खालचा प्रकाशही सौम्य करते. मात्र पृष्ठभाग अर्ध्याहून अधिक झाकला गेला की तिची विरळणी करावी.

अनुबियास आणि जावा फर्न या दोन वनस्पती नवख्यांनी जरूर घ्याव्यात, पण त्या वाळूत पुरू नयेत. दोघींनाही आडवे, जाडसर खोड असते. त्यातून वर पाने आणि खाली मुळे फुटतात. हे खोड गाडले गेले की ते मऊ पडून कुजते आणि पाने एकेक करून सुटत जातात. म्हणून ते लाकडाच्या तुकड्यावर किंवा दगडावर आडवे ठेवून साध्या सुती दोऱ्याने दोन-तीन वेढ्यांत बांधावे. दोरा पाण्यात यथावकाश कुजून जातो, तोवर मुळांनी लाकूड धरलेले असते. जावा फर्नच्या जुन्या पानांच्या मागे ओळीने काळपट ठिपके दिसू लागले तर घाबरून पाने तोडू नयेत. ती बीजाणूंची पुटे असतात. त्याच पानांच्या कडांवर पुढे बोटभर उंचीची इवली रोपे फुटतात, ती आपली मुळे पाण्यात लोंबकळत ठेवून वाढतात आणि अलगद ओढली की वेगळी होतात. या वनस्पतीचा एक गुच्छ घेतला की दुसरा विकत घ्यावा लागत नाही.

रोपे लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक अवस्था येते आणि तिच्यामुळे अनेक जण हताश होतात. क्रिप्टोकोरिनची पाने पारदर्शक, लिबलिबीत होऊन गळू लागतात. रोपवाटिकांमध्ये अनेक पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात आणि त्या पानांची रचना पाण्याखालच्या जगण्यासाठी नसते. शिवाय क्रिप्टोकोरिनला पाण्यातला कोणताही अचानक बदल मानवत नाही. अशा वेळी कुजलेली पाने कात्रीने काढावीत आणि मुळांना अजिबात हात लावू नये. रोप उपटून दुसरीकडे लावले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मुळे शाबूत असली तर काही आठवड्यांत मधोमध नवी, थोडी अरुंद पाने येतात आणि तीच पुढे टिकतात.

प्रकाशाच्या बाबतीत हौसेला आवर घालावा. साधा पांढरा एलईडी दिवा टायमरवर लावून सुरुवातीला रोज ६ तास आणि वनस्पती स्थिरावल्यावर फार तर ८ तास ठेवावा. वरून कार्बन डायऑक्साइड सोडण्याची व्यवस्था नसलेल्या टाकीत प्रखर दिवा लावला, तर वनस्पतींना तो वापरता येत नाही आणि त्याचा लाभ शेवाळाला होतो. नव्या टाकीत काचेवर येणारा तपकिरी थर हा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. तो पुसला जातो आणि बहुधा काही आठवड्यांनी येणे थांबते. हिरवे शेवाळ वाढू लागले तर औषधे शोधण्याआधी दिव्याचा वेळ तासाभराने कमी करावा, माशांचे खाणे घटवावे आणि जलद वाढणाऱ्या वनस्पती आणखी घालाव्यात.

फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंची वस्ती मारते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळावा. टाकीत भरायचे पाणीही आधी क्लोरीनमुक्त करावे लागते. नुसते क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवल्यावर ते उडून जाते. क्लोरॅमीन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) मात्र असे उडत नाही, त्यासाठी मत्स्यालयासाठी मिळणारे, क्लोरीन आणि क्लोरॅमीन निष्प्रभ करणारे द्रावण घालावेच लागते. आपल्या नळाला कोणते पाणी येते याची खात्री नसेल तर ते द्रावण नेहमी वापरणे शहाणपणाचे.

मासे आणायची वेळ कॅलेंडर पाहून ठरवू नये, ती पाणी तपासून ठरवावी. द्रव रसायनांचा टेस्ट किट घेऊन अमोनिया आणि नायट्राइट मोजावे, आणि आठवड्याच्या अंतराने दोन वेळा दोन्ही शून्य आले तरच पुढे जावे. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली आहे हे सांगणारा आकडा, तोही पाहावा, कारण अमोनियाची विषारी बाजू पीएचवर अवलंबून असते: २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ पेक्षा पीएच ८ असलेल्या पाण्यात विषारी रूपातला अमोनिया सुमारे दहापट असतो. या काळात वनस्पतींबरोबर आलेल्या लहान गोगलगायी दिसल्या तर त्या काढून टाकण्याची घाई करू नये. त्या कुजकी पाने आणि उरलेले अन्न खातात, आणि त्यांची संख्या बेसुमार वाढली तर आपण माशांना जास्त खायला घालत आहोत, एवढे खात्रीने समजावे.

दोन फुटी टाकीसाठी माझी निवड हार्लेक्विन रासबोराचा आठ-दहा माशांचा थवा आणि तळाशी चेरी श्रिम्प ही इवली लाल कोळंबी अशी असते. हार्लेक्विन शांत असतात, थव्याने फिरतात आणि क्रिप्टोकोरिनसारख्या रुंद पानांच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतात, त्यामुळे हिरव्या टाकीत त्यांचे मूळ वागणे पाहायला मिळते. मादी पानाखाली उलटी होऊन पोट घासू लागते आणि नर तिला बिलगतो, हे दृश्य तासन्‌तास पाहत बसावे असे असते. निऑन टेट्राही छान, पण तो नव्या टाकीत सोडू नये. टाकीला काही महिने झाल्यावर तो चांगला टिकतो. गप्पी ठेवायचे असतील तर फक्त नर ठेवावेत, कारण माद्या साधारण महिन्याला पिल्ले देतात आणि एकाच मीलनानंतर कित्येक वेळा पिल्ले देऊ शकतात. श्रिम्प असलेल्या टाकीत तांबेयुक्त औषध कधीही घालू नये; ते त्यांना मारक असते.

काही मासे मात्र कितीही आवडले तरी या टाकीत नकोत. गोल्डफिश मोठा होतो, खूप घाण करतो आणि कोवळी रोपे खातो किंवा उपटतो. शेवाळ खातो म्हणून बोटाएवढा विकला जाणारा प्लेको एक फुटाच्या पुढे वाढतो. एंजलफिश मोठा झाला की निऑनसारखे बारीक मासे गिळतो, आणि टायगर बार्ब इतरांचे पर कुरतडतो.

मासे एकदम सगळे आणू नयेत. आधी चार-पाच आणावेत आणि अमोनिया व नायट्राइट दोन आठवडे शून्यावर राहिले तर उरलेले. पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. मासे लांबून आणले असतील तर पिशवी उघडल्यानंतर फार वेळ काढू नये. बंद पिशवीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निसटतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. थोडेथोडे करून टाकीतले पाणी दोन-तीनदा घालावे, मग मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत आणि पिशवीतले पाणी ओतून द्यावे.

पुढची देखभाल खरोखरच थोडी आहे. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. दर दोन आठवड्यांनी पाव भाग पाणी बदलावे. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी नुसते भरत राहिल्याने मात्र क्षार साचत जातात, म्हणून त्याला पाणी बदलणे म्हणता येत नाही. व्हॅलिस्नेरियाची वाढलेली रोपे, जादा साल्व्हिनिया आणि पिवळी पाने महिन्यातून एकदा काढावीत. वनस्पतींनी शोषलेला नायट्रोजन टाकीबाहेर जातो तो याच छाटणीतून. आठवडाभर बाहेरगावी जायचे असेल तर निरोगी प्रौढ मासे उपाशी राहू शकतात, आणि अनोळखी हाताने मूठभर खाणे घालण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित असते. छाटलेल्या वनस्पती दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्याव्यात किंवा वाळवून झाडांच्या कुंडीत घालाव्यात. त्या, किंवा नकोसे झालेले मासे, ओढ्यात वा तळ्यात कधीही सोडू नयेत, कारण मत्स्यालयातून बाहेर पडलेल्या साल्व्हिनियाने आणि प्लेकोच्या जातीच्या माशांनी जगात अनेक ठिकाणचे जलाशय व्यापून टाकले आहेत.