आधी ‘नाही’ लिहा, मग ‘तरी’

एप्रिलात सोलापूरचा पारा 43 च्या पुढं गेला की आमच्या पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. मी टॉवेलचे काठ शिवते, डझनावर पैसे. पंखा लावला तर तोही गरम वाराच फेकतो. अशात चर्चच्या मंडळीतली एखादी भगिनी दारात येऊन म्हणते, “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा.” वचन खरंच आहे, पण करायचा कसा ते सांगायच्या आत ती पाणी पिऊन निघून जाते. मला जे जमलं ते सांगते.

एक 100 पानी वही घ्या. वर तारीख आणि खाली आज काय काय नाही ते. मोघम चालत नाही. ‘घरात अडचण आहे’ असं नको. ‘नळाला पाच दिवस पाणी नाही, मशीनची सुई मोडली, पुण्याच्या पोराचा रविवारी फोन नाही’ असं लिहा. हे मी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याकडून शिकले. त्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी बघा: अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहा वेळा नाही. संदेष्टा असून त्यानं एकही लपवलं नाही, मग आपण कशाला हसरं तोंड करून बसायचं?

त्यानंतर तो ‘तरी’ म्हणतो. इथं पुष्कळ जण घसरतात, मीही घसरले. मी लिहायची, ‘गहू संपले तरी ज्वारी आहे.’ ते नुसतं मनाचं समाधान झालं. ज्वारीचा डबाही रिकामा झाला त्या आठवड्यात माझा आनंद तिच्याबरोबर गेला. हबक्कूकानं सहा ‘नाही’नंतर सातवी वस्तू शोधली नाही, परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणाला. म्हणून ‘तरी’च्या पुढं वस्तू लिहू नका, त्याच्याशी बोला. माझ्या वहीत बहुतेक पानांवर एवढंच आहे: ‘तरी तू आहेस.’ रोज तेच लिहिलं तरी चालतं. एका दिवसात जमेल असंही नाही. प्रेषित पौलानं कैदेतून फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यातही तो समाधानी राहायला ‘शिकलो’ म्हणतो.

आमचे हे चादरीच्या मागावर होते. ते गेले त्या वर्षी मला ‘तरी’ लिहिता आलं नाही. कितीतरी पानं नुसती ‘नाही’ची. तुमच्यावर अशी वेळ आली तर ओढूनताणून लिहू नका, बायबलातलं 88 वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, आणि तरीही ती प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवलीय. रविवारी मात्र चर्चला जा. गाऊ नका हवं तर, बाकावर बसा. त्या दिवसांत बाजूच्या बायकांनी माझ्या वाटचंही गायलं.

चांगल्या दिवसांचं वेगळं. आपली शाळूची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, पुढं पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या जमिनीनं पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलीवर ती फेब्रुवारीपर्यंत उभी राहते. (हा दाखला मी पाळकसाहेबांना दिला होता. त्यांनी रविवारी वापरला, माझं नाव न घेता.) तर तशीच ओल साठवायला हुरड्याच्या दिवसांत वहीच्या मागच्या पानापासून उलटं लिहायला घ्या: कोण आलं, काय खाल्लं, कुठल्या प्रार्थनेला उत्तर मिळालं. मे महिन्यात ती पानं वाचा. माझ्या एका पानावर आहे: ‘शेकोटीवर भाजलेली कणसं, हाताचे तळवे भाजले, शेंगाचटणी सगळी ह्यांनीच संपवली.’

आणि गा. मनात नाही, तोंडानं. पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन, पाय लाकडी खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते. मनातल्या मनात म्हटलं असतं तर कोण ऐकणार? मी मशीनवर गाते. पायडलच्या ठेक्यात गाणं बसतं, काठ सरळ येतो. सूर चुकतो, चुकू दे. चर्चमध्ये पेटीवाला भाऊ माझ्याकडं बघतो तेवढंच.

भिंतीपलीकडं पद्मशाली समाजातली अक्का विड्या वळते. तिला ना आमचं गाणं माहीत ना त्याचा अर्थ. परवा सुई मोडली म्हणून मी मध्येच थांबले, तर पलीकडून पान कापायच्या कात्रीचा आवाज आला आणि तिनं माझी अर्धी राहिलेली ओळ नुसत्या गुणगुणण्यात पुरी केली. मग म्हणाली, “का थांबलीस गं? सुई पाहिजे का?”