उष्णता आणि तापमान पोह्यांच्या पातेल्यावर कसं समजवायचं (इंदूरवाल्यांसाठी)

बहिणीचा मुलगा सातवीत आहे, परवा म्हणाला मावशी उष्णता आणि तापमान एकच ना, आणि खरं सांगते मी हो म्हणणारच होते. मग म्हटलं थांब, रविवारी पोहे करताना दाखवते. तुमच्याकडेही असं डोकं खाणारं पोर असेल तर जसं केलं तसं लिहितेय.

सामान म्हणजे एक स्टीलचं पातेलं, मापाचा कप आणि सळईवाला किचन थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर अजिबात नको, तो ४२ च्या आसपास संपतो. मी लहानपणी आजीचा पाऱ्याचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घातला होता, तो फुटला, पुढचं सांगत नाही.

आधी एक लिटर नळाचं पाणी मध्यम आचेवर मोजून एक मिनिट ठेवा, ढवळा, तापमान लिहा. मग पातेलं गार करून पावलिटर घ्या, शेगडी तीच, आच तीच, मिनिट एकच. आमचं लिटरवालं ८-९ डिग्रीच चढलं, पावलिटरवालं तिसाच्याही वर गेलं. गॅसने दोन्ही वेळी जवळपास तेवढीच उष्णता दिली, पण एकदा ती चौपट पाण्यात वाटली गेली. १ ग्रॅम पाणी १ डिग्री तापवायला साधारण ४.२ जूल लागतात, म्हणजे एक लिटर १० डिग्री चढवा नाहीतर पावलिटर ४० डिग्री, खर्च तोच ४२ हजार जूल. तापमान म्हणजे पाण्याचे कण किती जोरात धडपडतायत ते, आणि उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून गार वस्तूकडे गेलेली ऊर्जा.

मग अर्धा लिटर ८० डिग्रीचं पाणी अर्धा लिटर २० डिग्रीच्या पाण्यात ओता आणि आधी पोराला आकडा सांगायला लावा. तो ५० म्हणेल, येईल दोनतीन डिग्री कमी, कारण पातेलं आणि हवा आपापला वाटा घेतात. आमच्याकडचा म्हणाला थर्मामीटर खराब आहे.

आता खरी मजा. पाणी उकळू द्या आणि गॅस फुल्ल करा. आकडा ९८ च्या आसपास अडकतो, कितीही आच वाढवा. १०० का नाही, तर इंदूर समुद्रापासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे, हवेचा दाब कमी म्हणून पाणी आधीच उकळतं, मुंबईत १०० ला उकळेल. पण मग फुल्ल गॅसची उष्णता जाते कुठे? वाफेत. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला जवळपास २२६० जूल लागतात आणि तापमान तसूभरही वाढत नाही. तीच वाफ गार वस्तूवर बसून परत पाणी झाली की ते सगळे जूल तिथेच टाकते. आपले ठेलेवाले फोडणीचे पोहे परातीत भरून उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर ठेवतात ना, तो हाच खेळ आहे, पोहे तासन्‌तास गरम आणि मऊ राहतात, आणि ९८ च्या वर जातच नाहीत म्हणून करपतही नाहीत. मला वाटतं इंदूरच्या मुलांना हा धडा पुस्तकाआधी ठेल्यावरच शिकवायला हवा.

म्हणूनच वाफेला हात लावू देऊ नका. उकळतं पाणी ४० डिग्रीपर्यंत उतरताना ग्रॅममागे २४० जूलच्या आसपास देतं, तेवढीच वाफ त्याच्या साधारण दहापट, म्हणजे पोहे उचलताना झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूने उघडायचं.

उष्णता इकडून तिकडे जाण्याचे तीन मार्ग, वहन, अभिसरण, प्रारण, हे पटकन होतं. पातेल्यात राहिलेला स्टीलचा चमचा टोकापर्यंत तापतो ते वहन, तळाशी चिमूटभर चहापत्ती टाकलीत की ती वर-खाली फिरते ते अभिसरण. प्रारणासाठी रात्री गच्चीवर जा, दिवसभर तापलेली फरशी मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडत असते, माळव्यातली गार रात्र, शब-ए-मालवा म्हणून आपण जी मिरवतो, तिच्यात याचाही हात आहे.

पुढच्या रविवारी ठेल्यावर भाच्याने विचारलं, भिया तुमची वाफ किती जूल देते? ठेलेवाला शेव टाकत, पोह्यांवरच्या मसाल्याचा डबा उचलत म्हणाला, जीरावन डालूं?