स्किनचा डॉक्टर शोधताय? आधी पाटी नीट वाचा

गजकर्ण झालं की आपण मेडिकलमधून ट्यूब आणतो, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं, त्यामुळे सरळ स्किनवाल्याकडेच जा. आता कोणाकडे? 'स्किन, हेअर, लेझर' अशी पाटी काय कोणीही लावतं, तुम्ही डिग्री बघा. एमबीबीएसच्या पुढे एमडी किंवा डीएनबी (एमडीच्या तोडीचीच डिग्री), आणि कंसात डर्मेटॉलॉजी किंवा डीव्हीएल (म्हणजे त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग) पाहिजेच, कारण एमडी मेडिसिनचंही असतं. डीव्हीडी दिसलं तर हसू नका, तो खरंच स्किनचा डिप्लोमा आहे. नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलं असेल तर मात्र थांबा.

मग रजिस्ट्रेशन नंबर, तो प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा, नियमच आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर टाका, नाव-डिग्री जुळतेय का बघा, आणि रिन्यू केलंय का तेपण, ते दर 5 वर्षांनी करावं लागतं.

गूगलचे स्टार? पार्लरलाही मिळतात हो.

खिशाला परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन किंवा पुण्यात ससून या सरकारी-पालिका हॉस्पिटलांची स्किन ओपीडी उत्तम, फक्त सकाळी लवकर जा, केसपेपरची लाईन लांबलचक असते.