एका देशाचं पायलट लायसन, नोकरी दुसऱ्या देशात: कन्व्हर्जन नेमकं कुठून सुरू करायचं

सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन) किंवा एटीपीएल (त्याच्या वरचं, एअरलाईन पायलटचं लायसन) हातात आहे, उडण्याचे तास पण बरे आहेत, आणि आता दुसऱ्या देशात नोकरी करायचीय, तर बहुतेक जण पहिलाच प्रश्न विचारतात की "तिकडे माझं लायसन चालेल का". त्याआधी हे विचारा की जे विमान उडवणार त्याचं रजिस्ट्रेशन कुठल्या देशाचं आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या कलम ३२ मध्ये हेच आहे, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या पायलटकडे त्या विमानाचं रजिस्ट्रेशन ज्या देशात आहे त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन पाहिजे. म्हणजे विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर एन ने सुरू होत असेल तर लायसनची अथॉरिटी अमेरिकेची एफएए, जी असेल तर ब्रिटनची सीएए, व्हीटी असेल तर भारताची डीजीसीए. कंपनी एका देशात आणि विमानं दुसऱ्या देशाच्या रजिस्टरवर असंही असतं, भाड्याच्या विमानांत तर नेहमी, म्हणून ऑपरेटरला हे सरळ विचारून घ्या, त्यावर सगळा पुढचा खर्च आणि वेळ ठरतो.

आता दोन शब्द नीट वेगळे ठेवा, व्हॅलिडेशन आणि कन्व्हर्जन. व्हॅलिडेशन म्हणजे तुमचं मूळ लायसनच ठराविक काळासाठी मान्य करणं, ते बऱ्याचदा एअरलाईनच काढून देते आणि मूळ लायसन किंवा मेडिकल संपलं की तेही संपतं. भारतात परदेशी पायलटना मिळणारं एफएटीए (परदेशी क्रूसाठीची तात्पुरती परवानगी) याच प्रकारातलं. कन्व्हर्जन म्हणजे नवीन देशाचं स्वतःचं लायसन, ते तुमचं, नोकरी बदलली तरी राहतं. माझं स्पष्ट मत आहे की दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त राहायचं असेल तर कन्व्हर्जनच करा, व्हॅलिडेशनवर बसलात की नोकरी गेली की उडणंही बंद. आणि अमेरिकेत एक गोष्ट खूप जणांना उशिरा कळते, परदेशी लायसनवर एफएए नियमांच्या कलम ६१.७५ खाली जे सर्टिफिकेट पटकन मिळतं ते फक्त प्रायव्हेट पायलटचं असतं, त्यावर पैसे घेऊन उडता येत नाही.

सगळ्यात आधी मेडिकल. परीक्षेची फी भरायच्या आधी, पुस्तकं घ्यायच्या आधी, नवीन देशाचं क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी) करून घ्या, कारण तिथेच अडकलात तर बाकी सगळे पैसे पाण्यात जातात. युरोपात ईएएसएचं (युरोपची विमान सुरक्षा संस्था) पहिलं क्लास वन साध्या डॉक्टरकडे होत नाही, एरोमेडिकल सेंटरलाच जावं लागतं. एफएएचं मात्र त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे अमेरिकेच्या बाहेरही होतं. एका देशाने काही अटी घालून, सूट देऊन मेडिकल दिलं असेल तर ती सूट पुढच्या देशात आपोआप येत नाही, त्यामुळे रंगदृष्टी, शुगर, जुनं ऑपरेशन असं काही असेल तर जुने रिपोर्ट्स सगळे बरोबर न्या आणि काही लपवू नका. वयाचंही बघा, आंतरराष्ट्रीय कमर्शियल उड्डाणात दोन पायलटच्या विमानाला मर्यादा ६५ वर्षांची आहे आणि एकट्या पायलटला ६० ची.

मेडिकलच्या बरोबरीने त्याच आठवड्यात व्हेरिफिकेशनचा अर्ज टाका. नवीन अथॉरिटी तुमच्या हातातल्या कार्डावर विश्वास ठेवत नाही, ती तुमच्या जुन्या अथॉरिटीला विचारते आणि उत्तर त्यांच्याकडूनच थेट यावं लागतं. एफएए स्वतःच यासाठी ४५ ते ९० दिवस धरायला सांगते आणि त्यांचं व्हेरिफिकेशन लेटर ६ महिनेच चालतं. इथे माझं एकदा चांगलंच अडलं होतं. मी विचार केला की आधी परीक्षा संपवू मग कागद बघू, परीक्षा झाल्या, उत्तर यायला महिने गेले, तोवर माझं जुनं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, बाहेर दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) लॅप्स झालं आणि नवीन अथॉरिटीला तर ते करंट पाहिजे होतं, मग परत सिम्युलेटर, परत चेक, परत पैसे. तेव्हापासून कोणी विचारलं की मी हेच सांगतो, प्रत्येक कागदाची एक्सपायरी एका पानावर लिहा आणि शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत या.

लॉगबुकवर मात्र खरंच बसून काम करा, एक-दोन संध्याकाळी नाही, आठवडाभर. प्रत्येक देशाची तास मोजायची पद्धत वेगळी असते. अमेरिकेत बऱ्याच रेटिंगसाठी क्रॉस कंट्री म्हणजे निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा लांब उतरलं पाहिजे, दुसरीकडे व्याख्या वेगळी. को-पायलट म्हणून उडवलेले तास, देखरेखीखाली कमांडचे तास, इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास हे कुठे पूर्ण धरतात, कुठे अर्धे, कुठे धरतच नाहीत. कुठे तास-मिनिटं, कुठे दशांश. म्हणून नवीन अथॉरिटीच्या फॉर्ममधले रकाने घेऊन त्याप्रमाणे वेगळी बेरीज करा, मूळ लॉगबुकात खाडाखोड करू नका, आणि जुन्या कंपनीकडून तासांचं पत्र सही-शिक्क्यासकट नोकरी सोडायच्या आधीच घ्या, नंतर ते मिळवायला फार फिरावं लागतं. नाव पासपोर्ट, लायसन, मेडिकल सगळीकडे अक्षर न अक्षर सारखं पाहिजे.

परीक्षांचं आता. सगळ्यात जड युरोप. तिथे एटीपीएल थिअरीचे १३ विषय, पास व्हायला ७५ टक्के, आणि पहिल्या पेपरच्या महिन्याच्या शेवटापासून १८ महिन्यांत सगळे संपवायचे, एका विषयाला चारच प्रयत्न. हजारो तास असले तरी पेपर सुटत नाहीत, फक्त अनुभव बघून ट्रेनिंग स्कूल क्लासरूमचे तास कमी करू शकतं. माझा सल्ला, जनरल नेव्हिगेशन आणि मेट (हवामान) आधी उचला, एअर लॉ शेवटी ठेवलात तर पाठांतर ताजं राहतं. पास झाल्यावर ३६ महिन्यांत सीपीएल आणि आयआर काढावं लागतं, नाहीतर पेपर वाया. आणि ब्रिटन आता वेगळं आहे, १ जानेवारी २०२१ पासून ते ईएएसएच्या बाहेर, त्यामुळे एकाचं लायसन काढून दुसऱ्याकडे सहज जाता येईल असं धरून चालू नका, नोकरी कुठे हवी ते आधी ठरवा.

अमेरिकेत वेगळा रस्ता आहे. तुमच्याकडे परदेशी एटीपीएल किंवा आयआर असलेलं सीपीएल असेल तर मधलं एफएए कमर्शियल न काढता थेट एटीपीसाठी (अमेरिकेतलं एटीपीएल) अर्ज करता येतो, पण साधारण १५०० तास पाहिजेत, आणि मल्टी इंजिनच्या लेखी परीक्षेआधी एटीपी सीटीपी नावाचा कोर्स करावाच लागतो. अमेरिकन नागरिक नसाल तर काही ट्रेनिंगआधी टीएसएची (तिथली वाहतूक सुरक्षा संस्था) सुरक्षा तपासणी होते, ती मंजूर व्हायच्या आधी स्कूलला शिकवायला परवानगी नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात आपसात करार आहे, त्यात लेखी परीक्षा छोटी होते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही एकमेकांची लायसन मान्य करायची सोय आहे, बाकी देशातून ऑस्ट्रेलियात जाणाऱ्याने आधी एआरएन नंबर (तिथल्या अथॉरिटीकडचा तुमचा ओळख क्रमांक) काढायचा, मग सीपीएलसाठी एअर लॉ आणि ह्युमन फॅक्टर्सच्या कन्व्हर्जन परीक्षा आणि फ्लाइट टेस्ट. भारतात डीजीसीएकडे एअर रेग्युलेशन आणि नेव्हिगेशन-मेटचा कंपोझिट पेपर, पास ७० टक्क्यांना, रेडिओचं लायसन वेगळं.

इंग्रजीचं छोटं वाटतं पण तिथेही लोक अडकतात. आयकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना) लेव्हल ४ असेल तर ३ वर्षांनी परत टेस्ट, ५ असेल तर ६ वर्षांनी, ६ ला परत नाही. एफएएच्या कार्डावर लेव्हलचा आकडा नसतो, फक्त इंग्लिश प्रोफिशियंट लिहिलेलं असतं, म्हणून दुसरीकडे आकडा मागितला तर वेगळी टेस्ट द्यायची तयारी ठेवा.

स्किल टेस्ट ही उडता येतं का हे बघायला नसते, ते तुम्हाला येतंच. तिथली फ्रेझिऑलॉजी (रेडिओवर बोलायची ठराविक भाषा), तिथली एअरस्पेस, तिथली चार्ट आणि ट्रान्झिशन अल्टिट्यूड (ज्या उंचीला अल्टिमीटर स्टँडर्ड दाबावर लावतात), यावर माणूस नापास होतो. अमेरिकेत १८००० फूट ही सगळीकडे एकच, युरोपात विमानतळाप्रमाणे बदलते, हे डोक्यात बसायला निदान पाच-सहा तास त्या स्कूलच्या इन्स्ट्रक्टरबरोबर काढा, पैसे वाचवायची ही जागा नाही. टाइप रेटिंग (ठराविक प्रकारचं विमान उडवायची परवानगी) आपोआप येईल असं समजू नका, युरोपात ते नवीन लायसनवर चढवायला त्या टाइपवर ५०० तास मागतात. कमी तासांचा पायलट असाल आणि पहिलंच मल्टी पायलट टाइप रेटिंग घ्यायचं असेल तर एमसीसी (दोन पायलटनी मिळून काम करायचा कोर्स) आणि अॅडव्हान्स्ड युपीआरटी (विमान ताब्याबाहेर गेलं तर सावरायचं ट्रेनिंग) पण हिशोबात धरा.

लायसन मिळालं म्हणजे काम करायची परवानगी मिळाली असं नाही, व्हिसा आणि वर्क परमिट पूर्ण वेगळं खातं आहे. मध्ये पैसे घेऊन "सगळं करून देतो" म्हणणारे भेटतील, पण फॉर्म सगळे अथॉरिटीच्या साइटवर असतात आणि सही तुमचीच लागते, स्वतः भरा.

नवीन कार्ड हातात आलं की काउंटरवरच तपासा, नावाचं स्पेलिंग, आयआर चढलंय का, मल्टी इंजिन आहे का, इंग्रजीची लेव्हल छापलीय का, कारण नंतर दुरुस्तीला परत रांग. आणि जुनं लायसन लगेच मरू देऊ नका, पुढच्या देशाला कदाचित तेच मूळ म्हणून दाखवावं लागेल.