आयसीयूत नव्याने येताय? पेशंटच्या आतड्यातल्या जिवाणूंकडेही बघायला शिका

आयसीयूत नवीन रुजू झालेल्या रेसिडेंटचे पहिले काही आठवडे व्हेंटिलेटरची सेटिंग्ज, नॉरअॅड्रेनलिनचा (रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा) डोस आणि एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) यांतच जातात. ते बरोबरच आहे, कारण पेशंट आधी तिथेच हातातून निसटतो. मी भूलशास्त्रात एमडी करून क्रिटिकल केअरकडे वळले तेव्हा माझंही तसंच होतं. पण मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत यांचा हिशोब जसा आपण रोज राउंडला मांडतो, तसाच पेशंटच्या आतड्यातल्या जिवाणूंचाही मांडायला हवा, असं मला आता ठामपणे वाटतं. तेही एक अवयवच आहेत आणि आयसीयूत तोही निकामी होतो. मॉनिटरवर त्याचा आकडा येत नाही, एवढंच.

आधी मूळ गोष्ट पक्की करून घ्या. सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून राज्य अनएरोब्सचं, म्हणजे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं. अन्नातला चोथा आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर पोसल्या जातात. शिवाय जागा आणि अन्न आधीच व्यापून टाकल्यामुळे क्लेब्सिएला, एन्टेरोकोकस अशा आजार करू शकणाऱ्या जिवाणूंना ते डोकं वर काढू देत नाहीत.

आता गंभीर पेशंटकडे बघा. शॉकमुळे (रक्तदाब कोसळल्यामुळे) आतड्याचा रक्तपुरवठा आटलेला, फेंटानिल या वेदनाशामकाने आतड्याची हालचाल मंदावलेली, जेवण बंद, पॅंटॉप या अॅसिडिटीच्या औषधाने जठरातलं आम्ल कमी झालेलं आणि या सगळ्यावर ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे अनेक प्रकारचे जिवाणू मारणारी, अँटिबायोटिक्स. २०१६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ११५ आयसीयू पेशंट्सचा एक अभ्यास आला. त्यात उपकारक जिवाणू घटलेले आणि एरवी किरकोळ संख्येने असणारे, आजार करू शकणारे जिवाणू वाढलेले दिसले. त्याच वर्षी आणखी एका संशोधनात एआरडीएस (फुप्फुसं अचानक गंभीरपणे निकामी होणं) झालेल्या पेशंट्सच्या फुप्फुसात आतड्यातले जिवाणू सापडले. ‘बहुअवयव निकामी होण्याचं इंजिन आतड्यात आहे’ ही कल्पना १९८६ पासून मांडली जात होतीच. तिला आता जनुकीय तपासणीचा आधार मिळू लागला.

आपल्याकडे याला आणखी एक धार आहे. कार्बापेनेम गटातल्या जबर अँटिबायोटिक्सना न जुमानणारा क्लेब्सिएला आपल्या आयसीयूंमध्ये रोजचा झालाय. पेशंटच्या रक्तात तो सापडतो त्याच्या आधी बऱ्याचदा तो आतड्यात ठाण मांडून बसलेला असतो. म्हणून रेक्टल स्वॅबचा (गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्याचा) रिपोर्ट फाइलला लावून विसरू नका. तो वाचा, आणि हात धुण्याच्या बाबतीत स्वतःपासून सुरुवात करा.

मग रोज करायचं काय? माझ्या मते सर्वात मोठं काम चार्टवरच्या अँटिबायोटिकच्या ओळीत आहे. सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गामुळे आलेल्या शॉकमध्ये) पहिला डोस लवकर आणि जोरदारच द्यायचा, त्यात कुचराई नको. प्रश्न पुढचा आहे. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट) आल्यावर, दोन-तीन दिवसांनी, ‘हे अजून कशासाठी चालू आहे?’ असं राउंडला मोठ्याने विचारायचं. मेरोपेनेम किंवा पिपटॅझ (पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम) ही अँटिबायोटिक्स चालू असताना अनएरोब्ससाठी सवयीने जोडलेलं मेट्रोनिडाझोल तर पहिलं तपासा. ती दोन्ही औषधं अनएरोब्सना आधीच मारतात. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखं (अँटिबायोटिक्सनंतर जुलाब घडवणाऱ्या जिवाणूसारखं) वेगळं कारण नसेल तर मेट्रोनिडाझोलची गरज बहुधा नसते. अॅस्पिरेशन न्यूमोनियातही (तोंडातलं किंवा पोटातलं श्वासनलिकेत गेल्याने होणाऱ्या न्यूमोनियातही) गळू किंवा फुप्फुसाभोवती पू नसेल, तर अनएरोब्ससाठी मुद्दाम वेगळं औषध जोडू नये, असं २०१९ ची अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

याविषयी एक अभ्यास जरूर वाचा. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा तुटवडा पडला होता, तेव्हा सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) बऱ्याच पेशंट्सना त्याऐवजी अनएरोब्सना फारसं न मारणारं सेफेपिम मिळालं. २०२४ साली आलेल्या विश्लेषणात पिपटॅझचा संबंध ९० दिवसांतल्या ५ टक्के जास्त मृत्यूंशी दिसला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्याआधी याच दोन औषधांच्या एका यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेल्या) चाचणीत १४ दिवसांपर्यंत असा फरक दिसला नव्हता. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पुरावा कसा तोलायचा हे शिकायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

फीडबद्दल थोडक्यात. शॉक आटोक्यात असेल तर ४८ तासांच्या आत राइल्स ट्यूबने (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीने) थोडं थोडं सुरू करा. नॉरअॅड्रेनलिनचा डोस चढत असताना मात्र घाई नको, आतड्याला इजा होऊ शकते. पॅंटॉपला शत्रू मानू नका: २०२४ च्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या पेशंट्समध्ये जठरातला मोठा रक्तस्राव ३.५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. पण व्हेंटिलेटर निघाल्यावरही पॅंटॉप चालू राहतं, ते थांबवणं आपल्या हातात आहे. आणि चार्टवरचा शौचाचा रकाना बघत चला. ती माहिती सिस्टर आणि मावशींना आपल्याआधी असते. त्यांना विचारायला संकोच कसला? तोंडाची निगा राखायलाही साधा ब्रश हवा. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची शिफारस आता मागे पडली आहे.

प्रोबायोटिकच्या सॅशेबद्दल (उपकारक जिवाणूंच्या पुडीबद्दल) मात्र सविस्तर सांगते, कारण इथे नवीन डॉक्टर हमखास गोंधळतात. ‘चांगले जिवाणू कमी झालेत, तर बाहेरून देऊ’ हे तर्काला इतकं पटतं की लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. २०२१ साली २,६५० व्हेंटिलेटरवरच्या पेशंट्सवर लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या प्रोबायोटिकची चाचणी प्रसिद्ध झाली. न्यूमोनियाचं प्रमाण प्रोबायोटिक घेणाऱ्यांत २१.९ टक्के, न घेणाऱ्यांत २१.३. वर, तोच जिवाणू एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागी, किंवा इतरत्र एकमेव वा प्रमुख जंतू म्हणून, सापडला १५ जणांत. दुसऱ्या गटात फक्त एकात. त्याआधी, २००८ साली नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या पेशंट्सवरच्या प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक गटात १६ टक्के मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ६. सॅकॅरोमायसिस बुलार्डी या प्रोबायोटिक यीस्टची पूड तर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेल्या पेशंटजवळ उघडूही नये. ती हातावरून लाइनवर आणि तिथून रक्तात जाऊ शकते.

याच्या उलट, ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांना प्रोबायोटिक आणि त्याचं खाद्य दिल्यावर सेप्सिस आणि मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. पण ती बाळं निरोगी होती. त्याचा दाखला देऊन आयसीयूत सॅशे लिहू नका.

नातेवाईक विचारतातच, “डॉक्टर, आईंना घरचं ताक दिलं तर चालेल का?” या प्रश्नाला झिडकारू नका. त्यांची समज योग्य दिशेची असते. मी सांगते, “आत्ता नको, ताई. त्यांच्या शरीरात नळ्या आहेत, प्रतिकारशक्ती कमी आहे. वॉर्डात गेल्यावर, गिळता यायला लागलं की आपण विचारून देऊ.”

ज्यांना या विषयात पुढे काम करायचंय त्यांनी आपल्या मायक्रोबायोलॉजी विभागात नियमित जाऊन बसावं, जंतू वाढवलेल्या प्लेट्स डोळ्यांनी बघाव्यात. पुण्यात नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहे; जिवाणूंच्या जनुकीय अभ्यासाची गोडी लागली तर तिथलं काम पाहावं.

आणि पेशंट वॉर्डात शिफ्ट करताना समरीत दोन तारखा लिहा: अँटिबायोटिक कधी थांबवायचं आणि पॅंटॉप कधी बंद करायचं. त्या नसतील तर वॉर्डातला डॉक्टर दोन्ही तसंच पुढे चालू ठेवतो.